उत्तरेची सूचिपर्णी जंगले आणि अवर्षण : आधी कोण सुकते, तरुण रान की म्हातारे?

वलयांकित (धागाकर्ता)

कॅनडातल्या वणव्यांच्या धाग्यावर परवा एक वाक्य येऊन गेले : "अवर्षणात म्हातारी झाडे आधी मरतात, तरुण रान तग धरते." तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

वाक्य चूक नाही, अर्धे आहे. 'फटका बसला' म्हणताना काय मोजले, ते त्यात नाही. त्या वर्षीचे वाढीचे वलय (खोडात दरसाल पडणारे लाकडाचे कडे) बारीक झाले? झाड पुढच्या पाच-सात वर्षांत मेले? की हेक्टरी लाकडाचा साठा घटला? तिन्ही प्रश्नांची उत्तरे वयाप्रमाणे वेगळी येतात, कधी कधी एकमेकांच्या उलट.

आधी तिथल्या पाण्याबद्दल. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या प्रिन्स अल्बर्ट राष्ट्रीय उद्यानाच्या भागात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला साधारण ४६०-४७० मिमी पडते. अलास्कातल्या फेअरबँक्सला तर ३०० मिमीच्या आसपासच. म्हणजे आपल्या माणदेशाएवढे किंवा त्याहून कमी. तरी जंगल उभे राहते, कारण उन्हाळा छोटा, हवा थंड, आणि वसंतात बर्फ वितळताना जमीन एकदाची भरून निघते. पश्चिम कॅनडात वर्षाच्या पावसातून संभाव्य बाष्पोत्सर्जन (पाणी कमी पडले नसते तर जमीन आणि झाडांतून जेवढी वाफ उडाली असती ते) वजा करून आर्द्रता निर्देशांक काढतात. तो जिथे शून्यावर येतो, साधारण त्याच रेषेवर जंगल संपून गवताळ माळ सुरू होतो. रेषेलगतच्या झाडांच्या गाठीला काहीच नसते. पाऊस तेवढाच पडला आणि उन्हाळा दोन अंशांनी तापला, तरी हिशोब तुटीत जातो. अलास्कातल्या व्हाइट स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची वाढ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उष्णतेमुळेच खुंटल्याचे २००० साली वलयांवरून दाखवले गेले. तिथे पाऊस आटला नव्हता, हवेची तहान वाढली होती.

आता वय. वणव्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत बियांपासून आलेल्या रोपांची मुळे वरच्या वीतभर थरात असतात. जळून काळी पडलेली जमीन उन्हात तापते आणि तोच थर आधी सुकतो. रोप एका उन्हाळ्यात मरते आणि त्याची नोंदही कुठे राहत नाही. त्यापुढे, शेंडे एकमेकांना भिडून छत्र जुळून येते तेव्हा झाडे दाटीत असतात, हेक्टरी पानांचे क्षेत्रफळ शिखरावर असते आणि सगळ्यांचे स्ट्रॉ एकाच पेल्यात असतात. या वयात अवर्षणाच्या वर्षीचे वलय सर्वांत जास्त आक्रसते, पण पाऊस परतला की दोन-तीन वर्षांत वाढही परतते. म्हातारपणी झाड उंच असते आणि पाणी जास्त वर ओढावे लागते. ताण वाढला की जलवाहिनीत हवा शिरते आणि पाण्याची सलग तार तुटते. तशी नळी बहुधा पुन्हा भरत नाही, नव्या लाकडाची वाट पाहावी लागते. नवे लाकूड तर दरसाल अर्धा-एक मिलीमीटरच येते. म्हणून जुन्या झाडाची घसरण कधी कधी कमी दिसते, पण सावरणे रेंगाळते आणि मरण उशिरा येते.

२०२२ मध्ये पाच खंडांतल्या हजारो झाडांच्या वलयनोंदी एकत्र करून हेच निघाले : वरच्या छत्रातली तरुण झाडे अवर्षणाला जास्त संवेदनशील आणि सावरायलाही जास्त चपळ. त्याआधी २०१५ चा एक जागतिक आढावा म्हणत होता की मोठ्या झाडांना फटका जास्त. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. कसे, ते प्रतिसादांत बोलू.

शंकासूर

चांगला धागा. दोन शंका.

१. वय आणि आकार एकच धरायचे का? शेवाळलेल्या दलदलीतला ब्लॅक स्प्रूस शंभर वर्षांचा असून मनगटाएवढा असतो म्हणतात.

२. 'वणव्यानंतर दहा वर्षांचे' म्हटले की अ‍ॅस्पेनही त्यात आले, म्हणजे याच रानांतले रुंद पानांचे, पानझडी झाड. त्यांनाही रोपांचाच नियम?

मातीकाम

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, ते सोपे आहे. नाही.

वणव्यानंतर किंवा तोडीनंतर अ‍ॅस्पेन जुन्या मुळांवरून फुटवे काढते, हेक्टरी हजारोंनी. फुटव्याचे वय पाच, पण खालचे मूळजाळे त्याच्या बापाचे किंवा आजोबाचे. पहिल्या वर्षापासून खोल पाण्यापर्यंत हात पोचलेला असतो. शेजारी बियांतून आलेला पाच वर्षांचा व्हाइट स्प्रूस उसने काहीच घेऊन आलेला नसतो. त्यामुळे 'तरुण रान' हा एक गट धरून सरासरी काढणाऱ्या आकड्यावर माझा विश्वास नाही. आधी विचारायचे : बियांतून आले की मुळांतून?

पहिली शंका मोठी आहे. वय, उंची आणि मुळांखालची माती या तीन गोष्टी रानात हात धरूनच फिरतात, सुट्या करायला मेहनत लागते. याचा उत्तम नमुना वर उल्लेखलेल्या सस्कॅचेवानमधलाच. तिथे अ‍ॅस्पेन, ब्लॅक स्प्रूस आणि जॅक पाइन अशा तीन प्रौढ रानांत मनोरे उभारून वर्षानुवर्षे कार्बन आणि बाष्प मोजले गेले. अ‍ॅस्पेनचे रान १९१९ च्या वणव्यानंतरचे. २००१ ते २००३ च्या अवर्षणात तिन्ही सापडली. काय झाले?

पहिल्या वर्षी, २००१ मध्ये, अ‍ॅस्पेनने कार्बन उलट जास्तच साठवला. वसंत लवकर आला, पाने लवकर फुटली आणि कोरड्या मातीतला श्वसनाचा खर्च (मुळे आणि सूक्ष्मजीव हवेत सोडतात तो कार्बन) घटला. खोलवरचा ओलावा संपल्यावर पुढच्या वर्षांत मात्र दणका बसला. ब्लॅक स्प्रूसचे रान निचरा नसलेल्या ओल्या जागेत, त्याला फारसे कळलेच नाही. जॅक पाइन वाळूत उभा, म्हणजे आधी त्याने कोसळायला हवे होते. पण तो मुळातच विरळ पानांचा, कमी पाण्यात भागवणारा, त्यामुळे त्याचेही आकडे थोडेच हलले.

तिन्ही प्रौढ, अवर्षण एकच, निकाल तीन. हे न पाहता 'वयाचा परिणाम' म्हणून आलेख काढला तर तो कित्येकदा मातीचा परिणाम असतो. जुनी राने बहुधा ओल्या खोलगट जागांत शिल्लक राहतात, कारण वणवा तिथे कमी जातो. तरुण राने कोरड्या उंचवट्यांवर सापडतात. तुलना सुरू होण्याआधीच पारडे झुकलेले.

करवत_पाती

मातीकाम यांना +१. वलयांवरून वयाची तुलना कशी करतात आणि कुठे फसते, ते लिहितो.

हत्यार म्हणजे इन्क्रिमेंट बोरर : पोकळ गिरमिट, टोकाला आटे, आतून सुमारे ५ मिमी जाडीची काडी निघते. छातीच्या उंचीवर, म्हणजे १.३ मीटरवर, खोडाला काटकोनात लावायचे. उतारावर असाल तर चढाच्या किंवा उताराच्या बाजूने काडी घेऊ नका, आडव्या बाजूने घ्या. कलत्या सूचिपर्णी झाडात उताराकडच्या बाजूला दाबाचे लाकूड तयार होते, तिथली वलये उगाच रुंद दिसतात. प्रत्येक झाडाच्या दोन काड्या, समोरासमोरच्या बाजूंनी. प्रत्येक वयोगटात निदान पंधरा-वीस झाडे. गाभा गाठला की लगेच बोरर उलटा फिरवून काढायचा. खोडात तसाच ठेवून डबा खायला बसलात तर लाकूड आवळून धरते आणि बोरर तिथेच राहतो.

काडी कागदी नळीत ठेवा. प्लॅस्टिकच्या नळीत बुरशी येते. नळीवर झाडाचा क्रमांक, बाजू, तारीख तिथल्या तिथे लिहा. सुकल्यावर खाचेच्या लाकडी पट्टीवर चिकटवायची, तंतू उभे राहतील अशी. ही दिशा चुकली की वलये दिसतच नाहीत. पुष्कळ काड्या नवशिक्यांच्या हातून इथेच वाया जातात. मग पॉलिश पेपर : १२० नंबरपासून सुरुवात, २४०, ४००, शेवटी ६००. स्प्रूस-पाइनला एवढे पुरते. अ‍ॅस्पेनचे लाकूड फिके, छिद्रे सगळीकडे सारखी पसरलेली, त्यात वलयाची सीमा पुसट. तिथे धारदार पात्याने पातळ छिलका काढून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावे लागते. शिवाय म्हाताऱ्या अ‍ॅस्पेनचा गाभा कुजलेला निघतो, म्हणजे वयच कळत नाही.

खरी मेख पुढे आहे. नुसती वलये मोजून वर्षे लावायची नाहीत. कडक अवर्षणात झाड खोडाच्या खालच्या भागात कधी कधी वलय धरतच नाही. २००२ चे वलय गायब असेल आणि तुम्ही सालीपासून मोजत आत गेलात, तर २००१ च्या वलयाला २००२ म्हणाल आणि तिथून आतले सगळे एकेका वर्षाने सरकेल. ज्या वर्षाचा अभ्यास करायचा तेच बेपत्ता! म्हणून एकाच रानातल्या सगळ्या काड्यांतली ठळक बारीक वलये जुळवून तारखा पक्क्या करतात. त्यासाठी कोफेचा नावाची आज्ञावली वापरतात, पण आधी डोळ्यांनी जुळवा, यंत्राला नुसते तपासायला द्या.

ब्लॅक स्प्रूसच्या वयाबद्दल शंकासूर यांनी विचारलेच आहे. त्याचे बूड वर्षानुवर्षे शेवाळात गाडले जाते आणि वरून नवी मुळे फुटतात. जमिनीलगत मोजलेले वय खऱ्या वयापेक्षा दहा-वीस वर्षांनी कमी भरू शकते. तीस वर्षांचे आणि पन्नास वर्षांचे झाड एकाच गटात पडते ते असे.

हिशेबनीस

काड्या जुळल्या, आता आकडेमोड. २०११ पासून तीन गुणोत्तरे रूढ आहेत. अवर्षणाच्या वर्षीची वाढ भागिले आधीच्या काही वर्षांची सरासरी म्हणजे प्रतिकार. नंतरच्या वर्षांची सरासरी भागिले अवर्षणाची वाढ म्हणजे पुनर्प्राप्ती. नंतरची भागिले आधीची म्हणजे लवचिकता.

समजा आधीच्या पाच वर्षांची सरासरी १.२० मिमी, अवर्षणात ०.६६, नंतरच्या पाचांची ०.९६. प्रतिकार ०.५५, पुनर्प्राप्ती १.४५, लवचिकता ०.८०. इथवर ठीक.

आता पाहा कसे फसते. प्रतिकार कमी असेल तर पुनर्प्राप्तीचा आकडा आपोआप फुगतो, कारण भाजक लहान. तरुण झाडे 'खूप पडतात आणि खूप सावरतात' यातला थोडा भाग निव्वळ अंकगणित असतो. वर त्यांचे वलय वयाबरोबर आपसूकच बारीक होत जाते, कारण तेच लाकूड वाढत्या परिघावर पसरायचे असते. अवर्षण न पडताही त्यांची लवचिकता एकाच्या खाली येईल.

म्हणून रुंदी सोडून खोडाच्या छेदाचे क्षेत्रफळ किती वाढले ते काढा : नव्या त्रिज्येचा वर्ग वजा जुन्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले π (३.१४). तरुण झाड ४० मिमी त्रिज्येवरून ४२ वर गेले, वलय २ मिमी, क्षेत्रफळ सुमारे ५१५ चौमिमी. म्हातारे १५० वरून १५१ वर गेले, वलय फक्त १ मिमी, पण क्षेत्रफळ सुमारे ९४६ चौमिमी. बारीक वलयवाल्याने जवळपास दुप्पट लाकूड घातले. नुसत्या रुंदीवर 'म्हातारी राने वाढतच नाहीत' म्हणणाऱ्यांनी हे एकदा कागदावर करून पाहावे.

आणखी एक. 'आधीची पाच वर्षे' निवडताना त्यांत दुसरे अवर्षण किंवा किडीचे वर्ष आले तर तुलनेचा पायाच खाली बसतो आणि प्रतिकार उगाच चांगला दिसतो.

करवत_पाती

किडीवरून आठवले, वर राहून गेले. अ‍ॅस्पेनची पाने खाणारी तंबू-सुरवंटांची साथ काही वर्षांच्या अंतराने येते. झाड निष्पर्ण झाले त्या वर्षीचे वलय बारीक आणि पांढुरके पडते. अवर्षणाचे वलय बारीक असते, पण रंग नेहमीचा. सूक्ष्मदर्शकाखाली हा फरक दिसतो, स्कॅनवर बहुधा दिसत नाही. दोन्ही लागोपाठ आली तर दोष कुणाचा किती, ते वेगळे काढणे कठीणच.

शंकासूर

हिशेबनीस, ९४६ चा हिशोब करून पाहिला, बरोबर आहे.

अवर्षण या वर्षी आणि बारीक वलय पुढच्या वर्षी, असे कसे होते? स्प्रूसच्या आलेखांत नेहमी दिसते.

वलयांकित

कारण स्प्रूसची पुढच्या वर्षीची कळी याच वर्षीच्या उन्हाळ्यात बांधली जाते. पुढच्या वर्षी किती सुया फुटणार ते जुलै-ऑगस्टमध्येच ठरते. तेव्हा पाणी नसेल तर कळीत सुया कमी, मग पुढच्या वर्षी पाऊस चांगला असूनही अन्न करणारी पाने कमी. मुळांतली साखरही आधीच खर्ची पडलेली असते. म्हणून ब्लॅक आणि व्हाइट स्प्रूसची वलये आदल्या उन्हाळ्याच्या तापमानाशी उलटी जुळतात. अ‍ॅस्पेनच्या कोवळ्या फुटव्यांवरच्या लांब डहाळ्या त्याच हंगामात नवी पाने काढत राहतात, त्यामुळे जुलैत पाऊस आला तर त्याच वर्षी फायदा उठवतात. म्हाताऱ्या अ‍ॅस्पेनवर बहुतेक आखूड डहाळ्या असतात, त्यांची पाने कळीतच मोजून ठेवलेली. सारख्याच जातीत वयाचा फरक पडतो तो असा, मुळांच्या खोलीशी त्याचा संबंध नाही.

स्प्रूसवाली

इथवर सगळी चर्चा कॅनडाची झाली. स्वीडन-फिनलंडकडे प्रश्न वेगळा आहे, तिथली बरीच राने लावलेली. वय म्हणजे लावणी ते तोड या फेरीतले वर्ष, आणि ते मालकाच्या हातात.

२०१८ चा उन्हाळा उत्तर युरोपात अतिशय कोरडा आणि तापलेला गेला. दक्षिण स्वीडनमध्ये सर्वांत वाईट हाल नॉर्वे स्प्रूसचे झाले, आणि तेही मुख्यतः वाळूच्या, कोरड्या जागांवर. अशा जागा पाइनच्या. मग तिथे स्प्रूस लावला कुणी? उत्तर आहे मूस हरीण. मूस कोवळ्या पाइनचे शेंडे खातो, स्प्रूसला सहसा तोंड लावत नाही. म्हणून मालकांनी वर्षानुवर्षे पाइनच्या जमिनीवर स्प्रूस लावला. हरणापासून वाचला, अवर्षणात सापडला. स्प्रूसची मुळे उथळ पसरट, पाइनसारखे खाली जाणारे सोटमूळ नाही.

पुढचा अंक साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा. धडधाकट स्प्रूस भुंगेरा आत शिरला की राळ सोडून त्याला बाहेर ढकलतो. पाण्याचा ताण असला की राळ कमी वाहते. गरम उन्हाळ्यात भुंगेऱ्याच्या एका हंगामात दोन पिढ्या होतात, २०१८ मध्ये दक्षिण स्वीडनमध्ये झाल्या. आणि भुंगेऱ्याला जाड सालीची, मोठी, साधारण साठीपुढची झाडे लागतात. तीस वर्षांच्या रानात तो सहसा जात नाही. म्हणजे अवर्षणाने वाढ दोघांची खुंटवली, मारले मात्र म्हाताऱ्यांना, आणि तेही २०१९, २०२० मध्ये. नुसत्या २०१८ च्या वलयात हे शोधून सापडणार नाही.

कोवळ्या रानात करण्याजोगे काम म्हणजे वेळेवर विरळणी. रोपे २ ते ४ मीटर उंच असताना हेक्टरी साधारण २,००० वर आणतात. उशीर करून १० मीटरला एकदम अर्धी कापली तर उरलेल्यांची मुळे आणि खोडे एकमेकांच्या आधाराने वाढलेली असतात, वादळात आडवी होतात. विरळणीनंतर पाणी प्रत्येकी जास्त मिळते, पण काही वर्षांतच उरलेल्यांचा पर्णसंभार वाढून तो फायदा आटतो. एकदा विरळले म्हणजे कायमचे झाले असे समजू नका. ऐन कोरड्या उन्हाळ्यात प्रौढ स्प्रूस विरळू नये : ताज्या तोडीचा वास भुंगेऱ्यांना खेचतो, सावलीत वाढलेल्या खोडांवर एकदम ऊन पडते, आणि ताज्या बुंध्यांवर मूळकुजव्या बुरशीचे बीजाणू बसतात. उन्हाळ्यात कापावेच लागले तर बुंध्यावर युरियाचे द्रावण किंवा त्यासाठीची स्पर्धक बुरशी त्याच दिवशी लावतात.

मातीकाम

स्प्रूसवाली, कोरड्या जागेवर विरळणीचा फायदा ठळक असतो, ओल्या जागेवर जेमतेम. सल्ला देताना जागा सांगायलाच हवी.

स्प्रूसवाली

मान्य. वरचे सगळे कोरड्या ते मध्यम जागांसाठी वाचावे.

शंकासूर

थोडे अवांतर : आपल्याकडे हे वलयांचे काम होते का? वड-पिंपळात काही दिसत नाही.

करवत_पाती

सागावर होते. सागाची पानगळ ठरलेली, वसंतवलय (हंगामाच्या सुरुवातीचे लाकूड) मोठ्या छिद्रांचे, त्यामुळे सीमा ठळक. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून जुन्या मोसमी पावसाचा माग काढण्याचे काम झाले आहे. पण तिथला नियम इथे लावू नका. सागाला पाण्याचा ताण दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो आणि तो पाने टाकून मोकळा होतो. स्प्रूसला सुया टाकून झोपायची सोय नाही.

वलयांकित

राहिलेला मुद्दा : मरणाची मोजणी.

वर सगळे वलयांवर बोललो, पण बोरर बहुतेकदा आज जिवंत असलेल्या झाडांनाच लावतात. २००२ मध्ये मेलेली कुजून गेली, त्यांची काडी कुणी घेतली नाही. म्हणजे 'जुनी झाडे बऱ्यापैकी सावरली' हा निष्कर्ष वाचलेल्यांनाच विचारून काढलेला असतो. मरण मोजायचे तर कायमचे आखलेले तुकडे लागतात, जिथे प्रत्येक झाडाला क्रमांक असतो आणि दर काही वर्षांनी पुन्हा मोजणी होते. कॅनडात असे तुकडे दशकानुदशके आहेत. १९६३ ते २००८ च्या नोंदींवरून २०११ मध्ये दाखवले गेले की तिथल्या उत्तरी जंगलांत झाडे मरण्याचा दर वर्षाला सरासरी ४.७ टक्क्यांनी वाढत गेला, आणि पश्चिमेला पूर्वेपेक्षा जास्त. कारण म्हणून पाण्याच्या ताणाकडे बोट दाखवले गेले. तो अभ्यास जुन्या रानांवर होता, कारण तरुण रानात दाटीमुळेच झाडे मरत असतात आणि तो गोंधळ टाळायचा होता. २०१३ मध्ये वयाचा परिणाम गणितात वेगळा काढून पाहिले, तर हवामानामुळे वाढलेले मरण तरुण रानांत उलट जास्त निघाले. नुसती जुनी राने पाहिली की चित्र सौम्य दिसते. धाग्याच्या पहिल्या वाक्याला हे थेट छेद देते.

आणि उशीर. २००१-०२ च्या अवर्षणाने माळाच्या कडेच्या अ‍ॅस्पेन पट्ट्यात जे झाले, त्याची पाहणी नंतर झाली तेव्हा सुमारे १.१५ कोटी हेक्टरांत अंदाजे ४.५ कोटी टन लाकूड मेलेले निघाले, जमिनीवरच्या एकूण साठ्याच्या सुमारे २० टक्के. मरणे पुढे कित्येक वर्षे चालू होती : आधी शेंड्याकडून वाळणे, मग खोड पोखरणारे भुंगेरे आणि खोडावरच्या बुरशीचे व्रण. मृत झाडाच्या दाखल्यावर भुंगेऱ्याचे नाव लागते.

हिशेबनीस

त्या २० टक्क्यांतल्या झाडांची वये कुणी लावली आहेत का? गाभा कुजलेला म्हणजे वय नाही, असे वर आलेय.

करवत_पाती

अ‍ॅस्पेनचे रान एका वणव्यातून एकदम उगवते, त्यामुळे रानाचे वय शेजारच्या शाबूत खोडांवरून लावता येते. एकेका झाडाचे लागले नाही तरी चालते. मेलेल्या खोडाची साल गळून बाहेरची वलये झिजलेली असली तर मात्र मरणाचे वर्ष पक्के सांगू नका, 'या वर्षानंतर केव्हातरी' एवढेच लिहा.